मदत हवी आहे: वाइड कॅरेक्टर कॅपिटल आहे का तपासताना शून्यच येतंय (सी भाषा)

अर्धविराम
सकाळपासून अडकलोय, कोड आजच द्यायचाय. शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का, एवढंच बघायचंय. अक्षरं वाइड कॅरेक्टरमध्ये, म्हणजे इंग्रजीबाहेरचीही मावतील अशा मोठ्या प्रकारात आहेत. कॅपिटल आहे का सांगणाऱ्या इजडब्ल्यूअपर फंक्शनला ए, बी, झेड दिले की बरोबर चालतं. वर तिरकी रेघ असलेला फ्रेंच कॅपिटल ई (कोड २०१) किंवा रशियन कॅपिटल झे (१०४६) दिला की शून्य. हेडर टाकलंय, वॉर्निंग एकही नाही. पटकन सांगा कोणीतरी.

रिकामीओळ
ऑपरेटिंग सिस्टीम? कंपायलर? अक्षर कोडमध्येच लिहिलंय की फाइलमधून येतंय? मेनची सुरुवात टाका.

बिटमोजणी
फंक्शन हवंच कशाला? ६५ ते ९० मध्ये बसतं का बघा, झालं काम.

रिकामीओळ
अहो, त्यांचं अक्षर २०१ आहे. ते त्यात कसं बसेल?

अर्धविराम
लिनक्स, जीसीसी. सध्या कोडमध्येच लिहिलंय, पुढे फाइलमधून येईल. मेनमध्ये विशेष काही नाही, एक ॲरे आणि लूप.

जुनीशाई
मग सेटलोकेल (लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांचे नियम, ठरवणारं फंक्शन) कुठाय? टर्मिनलची भाषा काहीही असो, प्रोग्राम सुरू होतो तो "सी" लोकेलमध्येच. तिथे जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) फक्त इंग्रजी ए ते झेडलाच कॅपिटल मानते. मेनच्या पहिल्याच ओळीत एलसी_सीटाइप (फक्त अक्षरांचे नियम) आणि रिकामी स्ट्रिंग (एन्व्हायर्नमेंटमधलं लोकेल घे) देऊन सेटलोकेल बोलवा. आणि उत्तर १ आहे का असं तपासू नका. स्टँडर्ड फक्त "शून्य नाही" एवढीच हमी देतं.

कोरापान
पायथॉनमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. सी का धरून बसलात?

बिटमोजणी
म्हणूनच वाइड कॅरेक्टरवर माझा विश्वास नाही. विंडोजवर १६ बिट, लिनक्सवर ३२. डेझरेट नावाच्या जुन्या लिपीतली कॅपिटल अक्षरं ६६५६० पासून सुरू होतात, विंडोजवर त्यांचे दोन तुकडे होतात. सरळ आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी लावा.

जुनीशाई
डेझरेट त्यांनी विचारलेलंच नाही. एका तपासणीसाठी अख्खी लायब्ररी कशाला?

अर्धविराम
ओळ टाकली. तरी शून्य.

जुनीशाई
सेटलोकेल काय परत देतंय? नल (म्हणजे काहीच नाही) असेल तर लोकेल बदललेलंच नाही. कंटेनरमध्ये चालवताय का?

अर्धविराम
नलच आहे. हो, कंटेनर. पण एन्व्हायर्नमेंटमध्ये अमेरिकन इंग्लिश यूटीएफ-८ दिलेलं आहे.

जुनीशाई
नुसतं नाव लिहून भागत नाही, लोकेल तिथे इन्स्टॉल असावं लागतं. कंटेनर ज्यातून बनतो त्या छोट्या इमेजमध्ये बहुतेक काढून टाकलेलं असतं. "लोकेल -ए" ही कमांड चालवून यादी बघा. सी.यूटीएफ-८ दिसलं तर रिकाम्या स्ट्रिंगऐवजी तेच नाव द्या.

शुद्धलेखन
देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतं, त्यामुळे "क" दिला तर इजडब्ल्यूअपर आणि इजडब्ल्यूलोअर दोन्ही शून्य देतील. कॅपिटल नाही म्हणजे स्मॉल, असं धरून पुढे जाऊ नका.

अर्धविराम
सी.यूटीएफ-८ यादीत होतं. आता २०१ आणि १०४६ दोन्ही कॅपिटल येतात. फाइल एफगेटडब्ल्यूएसने (वाइड अक्षरांची ओळ वाचणारं फंक्शन) वाचणार आहे, सेटलोकेल तिथे परत लागेल का?

जुनीशाई
परत नको. फक्त फाइल उघडण्याआधी झालेलं असू दे, कारण बाइट्सची वाइड अक्षरं करतानाही तेच लोकेल वापरलं जातं. आणि एकाच आउटपुटवर प्रिंटएफ आणि त्याचं वाइड रूप डब्ल्यूप्रिंटएफ मिसळू नका. पहिलं जे वापराल त्याच पद्धतीला तो स्ट्रीम (आउटपुटचा प्रवाह) बांधला जातो.