मदत हवी आहे: दारव्हा बसस्टँडवरच्या आजीसाठी निवारा

नमस्कार मंडळी. दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर एक म्हातारी आजी राहते. पावसात घर पडलं, मागं कोणी नाही म्हणते. सोबत एक थैली अन् त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं अंत्योदयचं रेशन कार्ड. त्या कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य आहे जी, पण रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठाच उमटत नाही. जन्मभर निंदणं-खुरपणं करून बोटं गुळगुळीत झाली. अन् धान्य भेटलंच तरी शिजवणार कुठं? चूल नाही. सध्या हॉटेलवाले उरलेली पोळी-भाजी देतात, सणावाराला भंडारा.

विचारायचं असं की, यवतमाळ-अमरावतीकडं म्हाताऱ्या बाईला फुकट ठेवून घेणारा आश्रम कोणता? फोन केला की बहुतेक जण आधी नातेवाईकाची सही मागतात. ती कुठून आणू? ज्येष्ठांच्या 14567 हेल्पलाइनवरून कोणाचं काम झालंय का? म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज भरायचाय, पण राहण्याचा पत्ता काय टाकावा? तहसीलमधलं कोणी असेल तर सांगा.

पैसे पाठवू नका, सांभाळायला जागा नाही तिच्याजवळ. रोज डबा देणारं दारव्ह्यातलं कोणी असेल तर कमेंट करा. थंडी सुरू झाली, एक घोंगडीही लागेल.