प्राणप्रतिष्ठा, प्रतिष्ठापना, आवाहन: कुठे कोणता शब्द?

प्रश्न: गणेशोत्सवाच्या पत्रिकांत 'स्थापना', 'प्रतिष्ठापना', 'प्रतिस्थापना', 'प्राणप्रतिष्ठा' असे चारही शब्द दिसतात. चारही चालतात का? आणि गुरुजी सुपारीवर नुसते 'आवाहयामि' म्हणतात, तिथे प्राणप्रतिष्ठा का नाही?

प्रतिसाद: 'प्रतिस्थापना' आधी बाद करा. प्रतिस्थापन म्हणजे एकाच्या जागी दुसरे घालणे, तो शब्द बीजगणितात शोभतो. 'प्रति'तल्या इकारामुळे 'स्था'चा 'ष्ठा' होतो, म्हणून प्रतिष्ठा, प्रतिष्ठापना. 'स्थापना' मोघम आहे, मंडळाचीही होते. प्राणप्रतिष्ठा हा तर पूजेतला एक विधी. सगळ्या पूजेला तेच नाव देणे म्हणजे लग्नाला सप्तपदी म्हणणे. आपले 'गणपती बसवणे' काय वाईट आहे? त्यात चौरंगावर ठेवण्यापासून आरतीपर्यंत सारे येते.

प्रतिसाद: प्राणप्रतिष्ठेचा विधी असा. पूजकाने उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लावायचा, 'आं ह्रीं क्रौं' या बीजांनी सुरू होणारा मंत्र म्हणायचा, मग गर्भाधानादी पंधरा संस्कारांसाठी ॐकाराच्या १५ आवृत्त्या. दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, तिथे जपावे. शाडूच्या मूर्तीचे डोळे बहुधा जलरंगाचे. तूप जास्त झाले की डाग पडतो, पुसायला गेले की बुबुळच निघते. दूर्वेचे टोक टेकवले तरी पुरे. अभिषेकही मातीच्या मूर्तीला घालत नाहीत. फुलाने पाणी शिंपडायचे आणि अभिषेक ताम्हनातल्या धातूच्या मूर्तीला किंवा सुपारीला.

प्रतिसाद: सुपारीचे उत्तर राहिले. आवाहन म्हणजे पूजेपुरते बोलावणे. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हटले की ते संपते. पार्थिव, म्हणजे मातीच्या, गणपतीचेही विसर्जन होते, पण तिथे देवाला हात, पाय, डोळे असलेला देह दिलेला असतो, म्हणून प्राणप्रतिष्ठा. व्यवहारातला परिणाम असा की त्यानंतर उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नाही. मखर, दिव्यांच्या माळा, वायरी हे सगळे आधी उरका. उत्तरपूजेत अक्षता वाहिल्यावर मूर्ती जागची किंचित सरकवतात, ते याचसाठी. मूर्ती प्राणप्रतिष्ठेआधी भंगली तर ती माती, सरळ दुसरी आणावी. नंतर भंगली तर अक्षता वाहून विसर्जन करतात.

प्रतिसाद: देवळातल्या स्थिर मूर्तीच्या प्रतिष्ठेला 'अचलप्रतिष्ठा' म्हणतात. तिचा पसारा मोठा. मूर्ती पाण्यात ठेवणे तो जलाधिवास, धान्यात ठेवणे तो धान्याधिवास, निजवणे तो शय्याधिवास. 'अधिवास' म्हणजे वास्तव्य. सरकारी 'अधिवास दाखल्या'पुरता उरलेला हा शब्द इथे पूर्वीच्या थाटात भेटतो. नेत्रोन्मीलन, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडणे, सोन्याच्या शलाकेने (काडीने), मध-तुपाने करतात आणि मूर्तीला आरसा दाखवतात.

'अग्निउत्तरण' असे लिहिलेले सर्रास दिसते, तेही चूक. अग्नि + उत्तारण = अग्न्युत्तारण. घडवताना मूर्तीला आच लागली, हातोडी-छिन्नीचे घाव बसले, तो दोष उतरवायचा म्हणून तूप चोळून मंत्रांसह पाण्याची धार धरतात.

प्रश्न: देवघरातले टाक सोनाराकडून उजळून आणले, तर पुन्हा प्राणप्रतिष्ठा करायची का?

प्रतिसाद: आच किंवा हातोडी लागली असेल तर अग्न्युत्तारण, अभिषेक आणि मग प्राणप्रतिष्ठा, असा प्रघात आहे. याला 'अर्चाशुद्धी' हा नेमका शब्द. घरीच चिंचेने घासले तर यातले काही नको, नेहमीची पूजा चालू ठेवायची. बाण (नर्मदेतले शिवलिंगाच्या आकाराचे गोटे) आणि शाळिग्राम (विष्णू म्हणून पुजतात तो काळा दगड) यांना मात्र प्राणप्रतिष्ठा कधीच नसते, त्यांत देवत्व मुळचेच मानतात. म्हणून 'शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा' असे कुठे छापले असेल तर शब्दही चुकला आणि विधीही.