'मोठा गिअर' म्हणजे नक्की कुठला?

घाटवाट: सायक्लोक्रॉसवरचं एक टिपण मराठीत आणतोय. बेल्जियम-नेदरलँड्सकडची हिवाळी शर्यत: चिखल-वाळूतून अडीच-तीन किलोमीटरची फेरी पुन्हा पुन्हा मारायची, वाटेत फळ्या आल्या की सायकल उचलून पळायचं. मी लिहिलं, 'चढावर मोठा गिअर टाका.' भाचा विचारतो, पुढचा मोठा जड, मागचा मोठा हलका, मग टाकू कुठला? काय लिहावं?

चेनवाला (म्हापसा): आमच्या दुकानात जड आणि हलका. लहान-मोठा कोण म्हणतं?

शुद्धमती: मुळात गिअर तरी कशाला? अग्रदंतचक्र, पृष्ठदंतचक्र. अर्थ लगेच लागतो.

चेनवाला: पृष्ठदंत ऐकून मला अक्कलदाढ आठवली.

पणजीचा: आजोबा गिअरला पोर्तुगीजमधला 'मुदांसा' म्हणायचे. मुदांसा म्हणजे बदल. मला वाटतं आपलं 'गिअर बदलणे' तिथूनच आलं.

शुद्धमती: मग पुण्यातले लोक कुठून शिकले?

घाटवाट: जड-हलका घेतो. पण आकड्यांचं काय? टिपणात पुढे एकच 40 दातांचं चेनव्हील, मागे 11-32 फ्रीव्हील (11 ते 32 दातांची चक्रं). सगळ्यात हलका 40 ला 32, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा फेरा. 'गुणोत्तर 1.25' लिहू की 'सव्वापट'?

लालमाती: सव्वापट. त्याहून फार हलका घेऊन शर्यतीत फायदा नाही, तसल्या चढावर उतरून पळणाराच पुढे जातो. पूर्वी पुढे 46-36 ची जोडी असायची. 36 ला मागे 28 धरा, तेही साधारण तेवढंच. आपल्याकडे जुलैत मात्र मी पुढे 38 लावीन. आपली माती चाकाला धरली की सोडत नाही, आणि शर्यतीच्या नियमाने टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

नेमके: 11-32 ला फ्रीव्हील म्हणू नका, ती कॅसेट. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, कॅसेट खाचांवर सरकवतात.

चेनवाला: गिऱ्हाईक दोन्हीला फ्रीव्हीलच म्हणतं, आणि मी बरोबर तेच काढून देतो. एकेरी चेनव्हीलचा खरा फायदा लिहा की! पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) गेला, चिखल साचायची एक जागा गेली. शिवाय दाते एक रुंद, एक अरुंद, त्यामुळे खड्ड्यातही चेन सहसा उतरत नाही.

शुद्धमती: दाते नव्हे, दात.

नेमके: माणसाला दात. करवतीला, चक्राला दाते. एकवचन दाता.

शुद्धमती: दाता म्हणजे दान देणारा!

लालमाती: आमच्याकडे आदोळीच्या, म्हणजे नारळ खवायच्या विळीच्या, दातांनाही दातेच म्हणतात.

पणजीचा: आमच्या घरी दांते, अनुस्वारासकट. आई सोय (खवलेला नारळ) काढताना 'दांते बोथट झाले' म्हणायची.

शुद्धमती: ती कोंकणी झाली.

पणजीचा: आई मराठी शाळेत शिकवायची हो.

नेमके: अनुस्वार जुनाच आहे, मुळात संस्कृत 'दन्त'. आदोळीसाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.