भरल नक्की मेंढी की शेळी? आणि दुर्बिणीतून ओळख कशी पटवायची?

रानवाट
किब्बर (स्पिती) आणि लडाख इथल्या हिवाळी फोटोंना नावं द्यायचं काम चालू आहे. तीन ठिकाणी अडलंय.
१) भरलाला सगळे 'निळी मेंढी' म्हणतात, पण काही याद्यांमध्ये तो शेळ्यांच्या शेजारी बसवलेला असतो. नक्की काय धरायचं?
२) मोठ्या शिंगांचे नर ओळखू येतात. माद्या आणि लहान नर समोर आले की आयबेक्स (रानशेळी) कुठला आणि भरल कुठला हेच कळत नाही.
३) आयबेक्सच्या शिंगांवरच्या गाठी मोजल्या की वय कळतं म्हणतात, ते खरं का?

---

खूरखुणा
पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नात्याने शेळीकडचा, रूपाने मेंढीकडचा.

हा घोळ नावापासूनच आहे. निसर्ग अभ्यासक हॉजसनने १८३३ मध्ये नेपाळमधून त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला मेंढ्यांच्याच प्रजातीत (जीनसमध्ये), ओव्हिसमध्ये टाकलं होतं. पुढे त्यानेच वेगळी प्रजाती केली आणि नाव ठेवलं स्यूडॉइस, म्हणजे 'खोटी मेंढी'. एवढं प्रामाणिक शास्त्रीय नाव क्वचित सापडतं.

मेंढीसारखं काय? नराला दाढी नाही. बोकडाचा तो उग्र दर्प नाही. पुढच्या गुडघ्यांवर घट्टे नाहीत (आयबेक्सला असतात). चरतोही मेंढीसारखा, उघड्या गवताळ उतारावर.

शेळीसारखं काय? शेपटी रुंद, चपटी आणि खालून उघडी, बिनकेसाची. डोळ्यांखाली आणि जांघेत मेंढीला असतात त्या ग्रंथी नाहीत, खुरांमधल्या ग्रंथीही बहुतेकांत नाहीत. मागच्या बाजूच्या खुऱ्या मोठ्या. आणि संकट आलं की पळ थेट कड्याकडे. खऱ्या रानमेंढ्यांचे, म्हणजे लडाखमधल्या शापो (उरियाल) आणि न्यान (तिबेटी अर्गाली) यांचे, पाय लांबसडक असतात आणि त्या मोकळ्यावर धावून सुटका करून घेतात. भरल अंगाने ठेंगणा, दणकट. त्यामुळे त्याची चरायची जागा आणि कडा यांत फार अंतर पडलेलं सहसा दिसत नाही.

वन्यजीव शास्त्रज्ञ जॉर्ज शॅलरने १९७३ मध्ये नेपाळच्या डोल्पो भागात भरलांचा माजाचा काळ मुद्दाम पाहिला तो याच प्रश्नासाठी. त्याचा निष्कर्ष असा, की हा मुळात शेळीच आहे, मेंढीच्या राहणीमानाकडे सरकलेली. नंतर डीएनएच्या अभ्यासांनीही भरलाला शेळ्यांच्याच फांदीवर बसवलं.

झुंजीवरूनही कळतं. शेळीकुळातले नर मागच्या पायांवर उभे राहतात आणि वरून खाली टक्कर देतात. मेंढे लांबून धावत येऊन आदळतात. भरल उभा राहणाऱ्यांतला.

---

उस्मानाबादी
वरच्या ग्रंथींच्या मुद्द्याला एक पुरवणी, कारण हे बघायला स्पितीला जायची गरज नाही. आठवडी बाजारात दख्खनी मेंढीचा कुठलाही पाय हातात घ्या. दोन खुरांच्या फटीच्या जरा वर, पुढच्या बाजूला, केसांत एक बारीक भोक दिसेल. दाबलं तर मेणचट स्राव येतो. चारही पायांना असतं. आता शेजारच्या शेळीचा पाय बघा, तिथे ते भोक नाही.

कवटीतही हाच फरक. मेंढीच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढे, अश्रूच्या हाडावर, बोटाचं टोक टेकेल असा खळगा असतो, कारण तिथे ग्रंथीची पिशवी बसते. शेळीचं ते हाड सपाट. भरलाचंही सपाटच.

मात्र झुंजीचा नियम फार ताणू नका. अमेरिकेतला बिगहॉर्न ही अस्सल मेंढी, पण तोही धडकेआधी मागच्या पायांवर उठतो. फरक एवढाच की त्याच्या धडकेचा जोर धावण्यातून येतो, शेळीचा वरून पडण्यातून. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत हे कळणार नाही, व्हिडिओ लागेल.

आणि कोणी गुणसूत्रांचा आकडा दाखवून 'भरल ५४, पाळीव मेंढी ५४, म्हणजे मेंढीच' असं म्हणालं तर ऐकू नका. रानमेंढ्यांतच शापो ५८, न्यान ५६ आणि मूफ्लॉन ५४ आहेत. हिमालयी ताहर (कड्यांवर राहणारा, शेळीसारखा दिसणारा प्राणी) शेळीकडचा असून ४८ वर आहे. शेळी प्रजातीतले सगळे मात्र ६०. गुणसूत्रं जोडली जाऊन आकडा घटतो, आणि तसं वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे झालेलं आहे. इराणमध्ये ५४ वाल्या आणि ५८ वाल्या रानमेंढ्यांचा संकर होतो आणि त्यांची पिल्लंही प्रजननक्षम असतात. आकडा सारखा म्हणून भाऊबंद, असं होत नाही.

---

कडेकपारी
प्रश्न २. आधी जागा बघा, मग जनावर. अर्धं काम तिथेच होतं.

किब्बरला भरल आणि आयबेक्स दोन्ही आहेत, त्यामुळे गोंधळ तिथेच होणार. पिन खोऱ्यातला फोटो असेल तर बहुधा आयबेक्स. शापो (उरियाल) लडाखमध्ये सिंधू आणि श्योकच्या खोऱ्यांत, खालच्या अंगाला, गावांच्या आणि रस्त्यांच्या जवळ. न्यान (तिबेटी अर्गाली) त्सो कार, हानले अशा मोकळ्या, लाटांसारख्या पठारांवर. न्यान कड्याला चिकटलेला दिसला तर पुन्हा एकदा बघा, बहुधा दुसरं काहीतरी निघेल.

माद्यांसाठी तोंड आणि शिंगं सोडा, पाय आणि पोट बघा. शिंगं दोघींचीही आखूड आणि बारीक असतात, लांबून त्यांचा उपयोग नाही.

भरल मादी: अंग राखाडी, हिवाळ्यात पाटीच्या दगडासारखं. पायांच्या पुढच्या बाजूला काळा पट्टा, मागची बाजू पांढरी. पोट पांढरं, आणि ढुंगणावरचा पांढरा भाग पाठमोऱ्या फोटोत लगेच उठून दिसतो. नराला कुशीवरची काळी रेघ आणि काळी छाती ठसठशीत, मादीला फिकट.

आयबेक्स मादी: मातकट तपकिरी, पोट आणि अंग यांच्यात अशी स्पष्ट हद्द नाही. पायांवर काळं-पांढरं असं कापून काढल्यासारखं चित्र नाही. शेपटी आखूड आणि गडद.

शापो मादी लालसर-वाळूच्या रंगाची, सडपातळ, पाय लांब. नराच्या गळ्यापासून छातीपर्यंत काळी आयाळ, शिंगांवर आडव्या सुरकुत्या. भरलाची शिंगं मात्र बरीचशी गुळगुळीत, बाहेर वळून मागे जाणारी. फोटोत शिंगं सुरकुतलेली असतील तर भरल बाद.

चुका कुठे होतात: सकाळी दहानंतर ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते, आणि ४०० मीटरवरचा काळा पट्टा फोटोत राखाडी होऊन जातो. असे फोटो 'अनिश्चित' म्हणून बाजूला ठेवा. दुसरी चूक रंगावर जाण्याची. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात भरलही तपकिरी दिसतो. रंग फसवतो, नक्षी सहसा फसवत नाही.

एक कोवळा नर नेहमी फसवतो: दीड-दोन वर्षांचा भरल. त्याची शिंगं मादीपेक्षा जेमतेम जाड असतात. बुंध्याशी बघा, नराची शिंगं डोक्यावर जवळजवळ एकमेकांना टेकतात, मादीच्या शिंगांत मोकळी जागा राहते.

---

खूरखुणा
प्रश्न ३. गाठी म्हणजे वर्षं नव्हेत. आल्प्समधल्या आयबेक्सला वर्षाला साधारण दोन गाठी येतात, त्यामुळे गाठी मोजणारा वय दुप्पट सांगून मोकळा होतो.

मोजायची असते ती वार्षिक खाच. ही शिंगं सांबराच्या शिंगांसारखी गळत नाहीत. आत हाडाचा गाभा, वर नखाच्या द्रव्याचं पोकळ आवरण, आणि नवी वाढ बुंध्याशी. हिवाळ्यात वाढ थांबते, वसंतात पुन्हा सुरू होते आणि त्या सांध्यावर बारीक खाच राहते. गाठी समोरच्या बाजूला असतात, खाच बाजूने आणि मागून दिसते, शिंगाला पूर्ण वेढा घालते. म्हणून फोटो बाजूने हवा, ऊन तिरपं हवं.

टोकाकडून बुंध्याकडे मोजत या. पहिली तीन-चार अंतरं लांब असतात, पुढे ती आखडत जातात. म्हाताऱ्या नराच्या शेवटच्या खाचा बुंध्याशी केसांत दाटीने बसतात आणि तिथे दोन-तीन वर्षं सहज गळतात. उलट टोक झिजलेलं किंवा मोडलेलं असेल तर पहिलं वर्षच नाहीसं झालेलं असतं. टोक बोथट दिसलं तर आकड्यापुढे 'किमान' लिहा. माद्यांवर हा खेळ करू नका, खाचा इतक्या जवळ असतात की फोटोवरून भरवसा नाही.

---

रानवाट
खूप आभार. पायांवरची नक्षी बघितल्यावर अकरा फोटोंची नावं बदलली. एक उपप्रश्न: हिमालयी ताहर शेळीकडचा, असं वर आलंय. मग आपल्या पश्चिम घाटातला निलगिरी ताहरही शेळीकडचाच ना?

---

उस्मानाबादी
नाही, आणि हीच खरी गंमत आहे. पूर्वी तीन ताहर एकाच प्रजातीत होते: हिमालयी, निलगिरी आणि अरबस्तानातला. २००५ मध्ये रोपिके आणि हसनिन यांनी डीएनए तपासला आणि तिघे तीन दिशांना गेले. हिमालयी शेळ्यांकडे, अरबी उत्तर आफ्रिकेतल्या औदाद या रानटी प्राण्याकडे, आणि निलगिरी मेंढ्यांकडे! तेव्हापासून त्याची प्रजाती निलगिरीट्रॅगस. 'ट्रॅगस' म्हणजे बोकड, म्हणजे मेंढीकडच्याला बोकडाचं नाव मिळालं. त्याचं १८३८ चं जातीनाम हायलोक्रियस, त्यातला 'क्रिओस' म्हणजे ग्रीकमध्ये मेंढा. जुन्या माणसाचा अंदाज बरोबर निघाला, नव्यांनी पुन्हा बोकड चिकटवला. तमिळमध्ये वरैयाडू, कड्यावरचा 'आडू'. तिथे शेळी आणि मेंढी दोघींच्या नावात आडू येतोच, त्यामुळे तमिळ माणूस या वादात पडतच नाही.

शरीरावरची एक खूण: निलगिरी मादीला दोन सड, हिमालयी मादीला चार.

तुटक उभ्या कड्यांवर राहायचं तर आखूड पाय, दणकट अंग आणि पकड घेणारे खूर लागतात. ते ज्याला लागले त्याला आले, बाप कोणीही असो. 'आपल्या' म्हणताना मात्र जरा जपून, तो तमिळनाडू आणि केरळचा. आपल्या सह्याद्रीत रानशेळी किंवा रानमेंढी कुठलीच नाही. भेकर हे हरीण, आणि चौशिंगा नीलगायीच्या जवळचा.

---

कडेकपारी
फोटो लावून झाले की कोणीतरी 'मग किती आहेत?' विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. नुसते दिसलेले मोजून संख्या सांगू नका. यासाठी दुहेरी निरीक्षक पद्धत वापरतात, आणि ती दोन माणसं, दोन दुर्बिणी आणि एका वहीत होते.

एकाच वाटेने दोघं जातात, दुसरा थोड्या वेळाने, आणि दोघं एकमेकांना काही सांगत नाहीत. प्रत्येकजण कळप लिहितो: वेळ, जागा, एकूण, माद्या, पिल्लं, नर. भाग संपल्यावर लगेच बसून कुठले कळप दोघांनाही दिसले ते जुळवायचं. मग पहिल्याचे कळप अधिक एक, गुणिले दुसऱ्याचे अधिक एक, भागिले सामाईक अधिक एक, आणि उत्तरातून एक वजा. पहिल्याला १७, दुसऱ्याला १५, सामाईक १३ असतील तर १८ × १६ ÷ १४ − १, म्हणजे साधारण १९.६ कळप. सरासरी कळप १२ चा असेल तर २३५ च्या आसपास जनावरं.

घोळ होतो तो जुळवणीत. भरलांचे कळप काही तासांत फुटतात, मिसळतात. वरच्याच उदाहरणात तीन सामाईक कळप चुकून वेगळे धरले, सामाईक १० उरले, की उत्तर २५ वर जातं आणि जनावरं ३०२ होतात. तीन ओळींची चूक, ६७ भरल कागदावर जन्माला आले! म्हणून जुळवणी संध्याकाळवर ढकलू नका. नुसती एकूण संख्या जुळवूनही चालत नाही, कळपातली रचना जुळवा: २ मोठे नर, ५ माद्या, ३ पिल्लं असं.

पिल्लं मोजताना फेब्रुवारीतलं 'पिल्लू' आठेक महिन्यांचं असतं, कारण वीण साधारण जूनच्या आसपास होते. ते आईच्या खांद्यापर्यंत आलेलं असतं, आणि घाईत त्याला मादी लिहिलं जातं. मग शंभर माद्यांमागे पिल्लं किती हा आकडा दोन्ही बाजूंनी बिघडतो, वरचा घटतो, खालचा वाढतो.

---

रानवाट
जुळवणीचं लक्षात ठेवतो. शेवटचं: मणी भिंतींवर (बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतींवर) ठेवलेल्या जुन्या शिंगांवर खाचा छान दिसतात. सरावासाठी एखादं आणलं तर?

---

खूरखुणा
अजिबात नको. मेलेल्या जनावराचं, वाटेत पडलेलं शिंगही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरकारी मालमत्ता आहे, जवळ बाळगणं हाच गुन्हा. आणि भिंतीवरची शिंगं गावाने श्रद्धेने ठेवलेली असतात. जागेवरच फोटो काढा: एक बाजूने, एक मागून, शेजारी मोजपट्टी. सरावाला तेवढं पुरतं.