पाचगणीत पर्यटकांसाठी फ्लॅट घ्यावा की साताऱ्यात भाडेकरूसाठी?

गोडोलीकर

माझे थोरले बंधू निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून पाचगणीजवळ फ्लॅट घेण्याच्या विचारात आहेत. पर्यटक बारा महिने येतात, देखभाल आम्ही पाहू, तुम्ही फक्त भाडे घ्या, असे तिथल्या बिल्डरचे म्हणणे आहे. माझ्या मते हा पैसा साताऱ्यातच गुंतवावा. पर्यटकांचा खरा हंगाम एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार एवढाच असतो. पावसाळ्यात तिथे भिंतींना ओल येते, गाद्यांना बुरशी धरते, कपाटांची दारे फुगून लागेनाशी होतात, आणि धुतलेल्या चादरी आठवडाभर वाळत नाहीत. मेंटेनन्स मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. साताऱ्यात वैद्यकीय महाविद्यालय, एमआयडीसी, बँका आणि बदलीवर येणारे सरकारी कर्मचारी यांच्यामुळे भाडेकरू मिळतो, आणि अकरा महिन्यांचा करार केला की वर्षाची चिंता मिटते.

वाईकर

आपला निष्कर्ष मला मान्य नाही. साताऱ्यातल्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपुढे क्वचितच जाते, आणि त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स व रंगरंगोटी वजा केल्यावर बँकेतली मुदत ठेव बरी वाटू लागते. पाचगणीचा पावसाळाही आता पूर्वीसारखा रिकामा जात नाही. धुके पाहायला लोक मुद्दाम येतात, 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठाराच्या फुलांसाठी सप्टेंबरात गर्दी होते, आणि निवासी शाळांतील मुलांचे पालक वर्षभर येत असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्यामुळे तिथे नवी बांधकामे मोकाट वाढू शकत नाहीत. म्हणून रीतसर बांधलेल्या फ्लॅटची किंमत टिकते. शिवाय बंधूंना नातवंडांसह तिथे उन्हाळा काढता येईल, जे भाडेकरू असलेल्या घरात शक्य नाही.

सोसायटीची सचिव

मी पाचगणीतल्याच एका सोसायटीचे काम पाहते, म्हणून शेजाऱ्यांची बाजू मांडते. मे महिन्यात टँकरने पाणी घ्यावे लागते तेव्हा पर्यटकांच्या एका फ्लॅटमध्ये आठ-दहा माणसे उतरतात, आणि टँकरचा खर्च मात्र सर्व सभासदांत सारखा वाटला जातो. रात्री उशिरा किल्ली घ्यायला आलेल्या अनोळखी माणसाला आत सोडावे की नाही, याचा निर्णय आमच्या रखवालदाराला एकट्याने घ्यावा लागतो. फ्लॅट भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. त्यातून हा भार भरून निघत नाही. ज्यांना असा व्यवसाय करायचा आहे त्यांनी स्वतंत्र बंगला घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

वाईकर

त्यासाठी सोसायटीने पाहुण्यांची नोंदवही, गाडी लावण्याचे नियम आणि पाण्याचा वेगळा आकार ठरवावा. सरसकट बंदी हा उपाय नव्हे.

गोडोलीकर

सचिवबाईंचा मुद्दा मला अधिक पटतो, कारण रोजच्या दराने खोल्या देणे हा उघडउघड व्यवसाय आहे. कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही, आणि प्राप्तिकरात त्या भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. पर्यटकांकडून मिळणारे उत्पन्न बहुधा व्यवसायाचे धरले जाते आणि ही वजावट जाते. शिवाय ऑनलाइन बुकिंग घेतल्यास मालकाची उलाढाल लहान असली तरी ती कंपनी जीएसटी आकारतेच. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने हिशेबनीस, सफाईवाला आणि रखवालदार यांच्या मागे का लागावे? साताऱ्यातही भाडेकराराची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे, पण ते काम वर्षातून एकदाच करावे लागते.

संवेदनशील क्षेत्राचा वाईकरांचा मुद्दा मात्र दुधारी आहे. त्याच निर्बंधांमुळे तिथल्या प्रत्येक इमारतीची कागदपत्रे अधिक बारकाईने तपासावी लागतात. म्हणून बंधूंनी बिल्डरकडे बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेरा क्रमांक मागावा. त्याचबरोबर तो सांभाळत असलेल्या एखाद्या चालू फ्लॅटचा जुलै-ऑगस्टचा जमाखर्च पाहावा. मे महिन्याचे आकडे सगळेच दाखवतात. पावसाळ्यातले आकडे दाखवायला तो तयार नसेल, तर बंधूंनी टोकनची रक्कमही देऊ नये.