सेंट्रल एसी दिवसभर चालू ठेवला की बिल कमी येतं? साफ चूक

ताळेबंद:
परवा एकाने इथे सेंट्रल एसीच्या, म्हणजे एकाच मशीनने आख्खं घर गार करणाऱ्या एसीच्या, खर्चावर पोस्ट टाकली आणि खाली "उपयुक्त माहिती", "सेव्ह केली" अशी रांग लागली. ते बघून राहवलं नाही. पोस्टमधले सल्ले दोन. एक, घराबाहेर पडताना एसी बंद करू नका, कारण तापलेलं घर पुन्हा गार करायला वाचवल्यापेक्षा जास्त वीज लागते. दोन, वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट, म्हणजे गार हवा येण्याची तोंडं, बंद करा, तेवढं बिल वाचतं. दोन्ही चूक आहेत आणि लोक त्यापायी पैसे घालवतात.

घरात उष्णता किती वेगाने शिरते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ४० आणि आत २४ असेल तर १६ अंशांचा फरक दुपारभर भिंती-छतातून उष्णता आत ढकलत राहतो. एसी बंद असला आणि आत ३२ झालं की फरक उरला ८ चा. म्हणजे भिंतींतून येणारी उष्णता निम्म्यावर आली. घर जितका वेळ तापलेलं राहील तितकी कमी उष्णता आत येते आणि तितकीच कमी बाहेर काढावी लागते. संध्याकाळी मशीन सलग चालतं ते तुम्हाला ऐकू येतं. दुपारी रिकाम्या घरात ते पुन्हा पुन्हा सुरू होत होतं, ते ऐकायला कोणी नसतं, एवढाच फरक.

३ टनाचं मशीन म्हणजे साडेदहा किलोवॅट उष्णता उपसण्याची ताकद. त्यासाठी ते ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) धरून साधारण तीन-साडेतीन किलोवॅट वीज ओढतं. रिकाम्या घरात काँप्रेसर दिवसभरात मिळून चार तास चालला, तरी १२ ते १४ युनिट गेले. कोणासाठी?

आता व्हेंट. ब्लोअर आणि कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी) ठरावीक हवेसाठी बनवलेले असतात, टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट. तुम्ही तीन खोल्यांची तोंडं बंद केलीत म्हणून मशीन ३ टनाचं २ टनाचं होत नाही. डक्टमधला, म्हणजे खोल्यांकडे हवा नेणाऱ्या नळातला, दाब तेवढा वाढतो. जिथे सांधा कच्चा आहे तिथून हवा आणखी जोरात गळते. कॉइलवरून हवा कमी गेली तर त्यावर बर्फ धरतो, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे काँप्रेसरची वाट लागणं.

भरदुपार:
वाचायला छान आहे, पण आमच्या घरात उलटा अनुभव आहे. आम्ही दोघं नोकरीला. आधी रोज बंद करून जायचो. आलो की घर भट्टीसारखं, भिंतीला हात लावला तरी गरम, गादी गरम. रात्री उशिरापर्यंत मशीन थांबत नसे. मग २६ वर ठेवून जायला लागलो आणि बिल कमी आलं. फॉर्म्युले मला नका सांगू, बिल माझ्या हातात आहे.

ताळेबंद:
दोन्ही बिलं सारख्याच हवेतली होती का? आधी किती अंशांवर चालवत होतात? मला खात्री आहे की तेव्हा घरी आल्याबरोबर थर्मोस्टॅट (तापमान ठरवायचं बटण) १८ वर जायचा. १८ केल्याने घर लवकर गार होत नाही. साधं मशीन एकाच वेगाने चालतं. ते फक्त जास्त वेळ चालतं.

भरदुपार:
१८ नाही, २०. आणि मशीन साधं नाही, इन्व्हर्टर आहे, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं. ते धरलंत का तुमच्या हिशेबात?

ताळेबंद:
नव्हतं धरलं. इन्व्हर्टर कमी वेगात जास्त कार्यक्षम असतो आणि संध्याकाळी पूर्ण जोर लावावा लागला की तो फायदा जातो, हे मान्य. तासाभरासाठी बाहेर जाताना बंद करण्यात अर्थ नाही, हेही मान्य. पण दिवसभर घर रिकामं असेल तर २९-३० वर ठेवून जा. २६ नको. इन्व्हर्टरमुळे बचत कमी होते, उलटी होत नाही.

कोरडीहवा:
एक गोष्ट दोघंही सोडताय. जिथे वेळेनुसार विजेचा दर बदलतो तिथे दुपारी स्वस्त दरात घर गार करून ठेवणं परवडतं. युनिट जास्त जातात, पैसे कमी. बिल युनिटचं बघायचं की पैशांचं ते आधी ठरवा.

सव्वाशेर:
मूळ दुखण्याला कोणी हातच लावत नाहीये. मशीनच गरजेपेक्षा मोठं बसवतात! आमच्याकडे ठेकेदार आला, घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि लगेच "५ टन लागेल" म्हणाला. खिडक्या कोणत्या दिशेला, छताला इन्सुलेशन आहे का, घरात माणसं किती, एक प्रश्न नाही. आता काय होतं? मशीन धाडकन सुरू होतं, हवा गार करतं आणि बंद पडतं. थर्मोस्टॅट २४ दाखवतो, पण अंग चिकट. म्हणून २२ करायचं, मग २१. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी आली. जास्त पैसे देऊन हे विकत घेतलं.

कोरडीहवा:
सव्वाशेर, अगदी बरोबर. हवेतलं पाणी कॉइलवर जमून खाली गळायला मशीन सलग काही वेळ चालावं लागतं. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, तीसुद्धा कागद दमटपणामुळे फुगतो-आकसतो म्हणून. माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. दमटपणा काढणं हे एसीचं पहिलं काम आणि मोठं मशीन नेमकं तिथेच कमी पडतं. तुमचा फॅन "ऑन" वर आहे की "ऑटो" वर?

सव्वाशेर:
ऑन. मेकॅनिकनेच सांगितलं, हवा खेळती राहते म्हणून.

कोरडीहवा:
आजच ऑटो करा. काँप्रेसर थांबल्यावरही ब्लोअर चालू राहिला तर ओल्या कॉइलवरचं पाणी वाळून परत खोलीत येतं. वर ब्लोअरची वीज चोवीस तास.

भरदुपार:
विषय बिलाचा होता. टन, फॅन, छापखाना... धागा कुठे चाललाय?

सव्वाशेर:
बिलाचाच आहे! मी २४ ऐवजी २१ वर का चालवतो हे सांगतोय ना? तो खर्च नाही का? तुम्हाला फक्त तुमचाच अनुभव चालतो.

पायवाट:
सगळे बाहेर जाणाऱ्यांचे हिशेब चाललेत. माझ्या आईचं काय? तिचं वय ऐंशीच्या पुढे, ती दिवसभर घरातच असते. थर्मोस्टॅट हॉलमध्ये, तिची खोली डक्टच्या शेवटच्या टोकाला. हॉल २४ झाला की मशीन बंद आणि तिच्या खोलीत तेव्हा २९. मग तिच्यासाठी आख्खं घर २० वर न्यायचं. हॉलमध्ये मुलं पांघरूण घेऊन बसतात. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान लागलेली कळत नाही, उकाडा कधी बाधेल सांगता येत नाही. त्यांना "२९-३० वर ठेवा" सांगणाऱ्यांनी जरा विचार करावा.

ताळेबंद:
मी रिकाम्या घराबद्दल लिहिलं होतं. कृपया पुन्हा वाचा. घरात वयस्कर माणूस असेल तर बिलाकडे न बघता एसी चालवा, यात दुमत असूच शकत नाही. माझी आजी उन्हाळ्यात आजारी पडली होती ती पंखा पुरेल म्हणत राहिल्यामुळे. हे मला शिकवू नका.

पण तुमच्या आईच्या खोलीचा प्रश्न थर्मोस्टॅटने सुटणार नाही. त्या खोलीकडे जाणारा डक्ट बघितलाय का कोणी?

पायवाट:
फॉल्स सीलिंगच्या आत आहे. बसवल्यापासून कोणी उघडलेलं नाही.

ताळेबंद:
उघडा. सामान्य घरातल्या डक्टमधून २० ते ३० टक्के हवा गळून वाया जाते, हा अमेरिकेतला बऱ्याच वर्षांचा अंदाज आहे. आमच्याकडे शेवटच्या खोलीची हीच तक्रार होती. वर चढून टॉर्च मारला तर सांध्यावरची कापडी टेप वाळून पापुद्र्यासारखी लोंबत होती, डिंक पिवळा पडून भुकटी झालेला. फटीपुढे हात धरला तर गारेगार. म्हणजे हवा माळ्यावर आणि बिल आम्हाला. १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने सांध्यांवर वेगवेगळे चिकटपदार्थ लावून, तापवून-थंड करून तपासले. कापडी डक्ट टेप त्यात सर्वांत लवकर निकामी झाली. तिच्या नावातच डक्ट आहे म्हणून मेकॅनिक तीच लावतात. मॅस्टिक लावून घ्या, ते लुकणासारखं ब्रशने भरतात, आणि वरून इन्सुलेशन. आमच्याकडे त्या खोलीचा उकाडा गेला आणि थर्मोस्टॅट २२ वरून २५ वर आला. त्याच मशीनमध्ये.

सव्वाशेर:
आणि हे करायला येणारा माणूस प्रामाणिक मिळाला तर. आमच्याकडे दुरुस्तीला बोलावलं की गॅस भरूनच जातात. गॅस काही पेट्रोल नाही संपायला, बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात भरायचा आणि पैसे घ्यायचे! यावर वेगळा धागा काढायला हवा.

कोरडीहवा:
काढा, मी येतो. पायवाट, डक्टचं काम होईपर्यंत आईच्या खोलीत वेगळा छोटा स्प्लिट लावा. एका खोलीसाठी आख्खं घर २० वर नेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पायवाट:
स्प्लिटचं भावालाही पटेल. सीलिंग उघडायला माणूस बघते. आधी कोणी नीट सांगितलं असतं तर दोन उन्हाळे गेले नसते.

भरदुपार:
डक्टचा मुद्दा पटला, तेवढं खरं. दिवसभर बंद ठेवण्याचा अजूनही पटलेला नाही.

ताळेबंद:
मग मीटर वाचा. सारख्या उन्हाचे दोन दिवस निवडा. एक दिवस २६ वर, एक दिवस ३० वर. सकाळी निघताना आकडा लिहा आणि झोपताना लिहा. झोपतानाचाच, घरी आल्यावरचा नको, नाहीतर संध्याकाळचा जोर हिशेबातून सुटेल. संध्याकाळी दोन्ही दिवस २४ च ठेवा, २० नाही.

भरदुपार:
२४ वर बायको तयार होणार नाही. २३ वर करतो. आकडे इथेच टाकेन, आणि ते माझ्या बाजूने आले तर शीर्षकातलं "साफ चूक" काढायचं.

ताळेबंद:
काढीन. फिल्टर आधी धुऊन घ्या, दोन्ही दिवसांना सारखाच हवा.