मदत हवी आहे: नाताळात लंडनला आई-बाबांना कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी. सांगलीहून आई-बाबा पहिल्यांदाच आलेत, घरात पाच वर्षांची लेक आहे आणि आम्ही राहतो हॅरोला. नाताळात कुठे जायचं यावर एकमत होईना.

खरी पंचाईत २५ तारखेची. त्या दिवशी ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, ट्रेन सगळंच बंद. बाबांना हे पटतच नाही. "आपली एसटी दिवाळीतसुद्धा धावते," हे त्यांचं पालुपद. गाडी काढून रीजंट स्ट्रीटची रोषणाई आणि ट्रफाल्गर चौकातलं झाड (१९४७ पासून नॉर्वे दरवर्षी पाठवतं ते) दाखवावं म्हणते. कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचं शुल्क) त्या दिवशी नसतो, पण पार्किंगचं काय? कुणी गेलंय का? आईला मधूनमधून चहा आणि स्वच्छतागृह लागतंच. त्या भागात काय उघडं सापडतं?

लेकीचा हट्ट हाइड पार्कच्या विंटर वंडरलँडचा, म्हणजे तिथल्या नाताळच्या जत्रेचा. तिथे प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे, वर गर्दी. बाबांचा गुडघा बघता मला तरी क्यू गार्डन्समधली दिव्यांची सैर बरी वाटते. वाटेत टेकायला बाकं पुरेशी आहेत का? नॅचरल हिस्ट्री म्युझियम २४ ते २६ बंद, म्हणून ते २७ला ठेवलंय.

चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा दुपारी निघून सातपर्यंत घरी परतता येईल असंच सुचवा. जवळपास शाकाहारी जेवण कुठे मिळेल तेही सांगा. धपाट्यांचा डबा सोबत असेलच म्हणा, पण थंडीत बाबांना गरम काहीतरी लागतं.